पहारा पाचवर

ताप आला असता तर दर्शना एवढी घाबरली नसती.

ताप म्हणजे शरीर भांडतंय. कपाळ चटका देतं, माणूस कण्हतो, आपण मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवतो, आणि तिसऱ्या दिवशी तोच माणूस उठून पेज मागतो. शिगवणांच्या घरात मात्र गेली अडीच वर्षं ताप यायचाच बंद झाला होता. रुपेशच्या अंगात काहीही शिरो, अंग आपलं थंडच. रोज सकाळी काजूच्या फॅक्टरीत निघण्याआधी दर्शना त्याच्या कपाळाला हात लावायची, ते फार गार तर नाही ना, हे बघायला.

त्या मंगळवारी कपाळ गार होतं आणि ओलंही होतं.

"घाम कसला आलाय तुम्हाला?"

"चहा गरम होता."

"चहा पिऊन तास झाला."

"मग उन्हाने असेल. जा गो तू, गाडी चुकेल. सारखी कपाळं काय चाचपत बसतेस?"

मानेवर लाल चट्टे होते. मानेवरचे केस उभे राहिले होते. दर्शनाने ते बघितलं. पण आठवड्यापूर्वीच यावरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. 'मी तुझा नवरा आहे का तू राखतेस ती दुधाची पातेली?' असं तो म्हणाला होता आणि ती दोन दिवस बोलली नव्हती. नको बाई पुन्हा तेच, असं म्हणून तिने पिशवी उचलली. त्या एका 'नको बाई'साठी पुढे तिने स्वतःला किती शिव्या घातल्या, त्याला गणती नाही.

अडीच वर्षांपूर्वी रुपेश लाइनमन होता. चक्रीवादळ किनारा झोडपून गेलं, चिपळूणपासून खालच्या सगळ्या वाड्या अंधारात गेल्या, आणि तिसऱ्या दिवशी एका खांबावरून तो पडला. शॉक नाही, काही नाही. खांब मुळात कलला होता, तो रुपेशला घेऊन आडवा झाला. मानेच्या सहाव्या मणक्यापाशी मज्जारज्जू चिरडला. खांदे हलत, कोपर वाकत, मनगट थोडं उचलत असे. बोटं मेली. छातीखाली तर सगळीच सामसूम.

लोकांना वाटतं, मान मोडली म्हणजे हातपाय गेले, संपलं. दर्शनालाही तसंच वाटलं होतं. पुण्याच्या डॉ. लोणकर बाईंनी तिला समोर बसवून खरी भीती दाखवली.

"हातपाय गेल्यामुळे माणूस दगावत नाही, दर्शनाताई," बाई म्हणाल्या. "दगावतो तो न्यूमोनियाने, लघवीच्या जंतूंनी, पाठीवरच्या जखमेने. का, ते सांगते. आपल्या पोटात डाव्या बाजूला प्लीहा असते. रक्तातले शिपाई तिथे राहतात. जंतू आले की मेंदूची वर्दी मज्जारज्जूतून खाली जाते आणि शिपाई बाहेर पडतात. जंतू मेले की 'पुरे आता' हा हुकूमही तिथूनच जातो. यांचा रस्ता मानेतच तुटलाय. वर्दी पोचतच नाही."

दर्शनाच्या चेहऱ्याकडे बघून रुपेशने ते आपल्या भाषेत फोडून सांगितलं. पलंगावर पडल्यापडल्या हे काम त्याला छान जमायचं.

"मेंदू म्हणजे सबस्टेशन. पाठीचा कणा मेन लाइन. आणि ही प्लीहा म्हणजे शेवटच्या वाडीतला ट्रान्सफॉर्मर. मधे तार तुटली, वाडी अंधारात. कळलं?"

"एवढंच असतं तर बरं होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुटलेली तार जमिनीवर पडून ठिणग्या टाकते ना, तसं इथे होतं. मूत्राशय भरलं, नळी दुमडली, चादरीची घडी रुतली, तरी तुटक्याखालचा मज्जारज्जू आपल्या मनानेच पेटतो. त्याला आवरायला वर कुणी नाही. रक्तदाब भडकतो, चेहरा लाल होतो, वर घाम फुटतो. आणि प्रत्येक भडक्यात प्लीहेतले शिपाई मरतात. दिवसाला असे पाच-दहा भडके. काही महिन्यांत प्लीहा सुकलेल्या आमसुलासारखी होते."

त्या दिवसापासून दर्शनाला भीतीने कधी सोडलं नाही. ती रात्रीच्या जेवणातही बसायची, सकाळच्या केरातही असायची. शेजारची शिंकली तरी दर्शना दार लावून घ्यायची.

मग सेतू आला.

मज्जारज्जूच्या तुटक्या जागी प्रयोगशाळेत वाढवलेल्या परक्या माणसाच्या चेतापेशींचं रोप लावायचं, अशी ती शस्त्रक्रिया. रोप दोन्ही टोकांना मुळं सोडतं आणि मधली दरी थोडीफार सांधतं. परक्या पेशी अंगात घातल्या तर शिपाई त्यांना फाडून खातात, हा नेहमीचा घोळ. पण इथे शिपाईच झोपलेले! ज्या दुबळेपणाने माणसं मरतात, त्याच दुबळेपणात हे रोप जगतं, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. आता शिपाई झोपलेलेच ठेवले तर साध्या खोकल्याने माणूस जाणार. म्हणून सेतूच्या जोडीला दुसरं यंत्र आलं, त्याचं नाव पहारा. प्लीहेच्या नसेवर तांदळाएवढा तुकडा बसवलेला आणि खुर्चीच्या हाताला त्याची डबी. डबीवर एक ते पाच आकडे, शेजारी रक्तदाब, आणि काही बिघडलं की वाजणारा अलार्म. मेंदूने द्यायची वर्दी ही डबी देणार.

"दोनवर ठेवायचा," डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. "दोनवर शिपाई अर्धे जागे. सर्दी-पडसं हाकलतील, पण सेतूकडे त्यांचं लक्ष जाणार नाही. तीनपर्यंत चालेल. पाच म्हणजे सगळं सैन्य जागं. पाचवर सहा दिवस ठेवला तर कसलाही जंतू राहणार नाही, आणि सेतूही राहणार नाही. आणि शिपायांनी एकदा सेतूला शत्रू म्हणून ओळखलं की कायमचं ओळखलं. दुसऱ्यांदा तो लावता येणार नाही."

बाहेरून कुणी लांबून माणसाच्या अंगातलं यंत्र वरखाली करू नये, म्हणून तोवर कायदाही झाला होता. आकडा बदलायचा तर रुग्णाने जागेवर, डॉक्टरांच्या देखत, तोंडाने संमती द्यायची. रुग्ण शुद्धीत नसेल, तरच जोडीदाराने अंगठा लावायचा.

सेतू लावल्यावर सातव्या महिन्यात रुपेशचा उजवा अंगठा हलला. दहाव्या महिन्यात त्याने कप धरला. अर्धा चहा छातीवर सांडला आणि दोघं वेड्यासारखी हसत रडली. वर्षाने त्या हाताने ती गोष्ट जमली, जिचं मोल बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. त्याला स्वतःच्या हाताने लघवीची नळी घालता येऊ लागली. दिवसातून पाच वेळा बायकोपुढे उघडं पडणं संपलं. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "दर्शना, बाहेर जा आणि दार ओढून घे." ती बाहेर ओटीवर उभी राहिली. आतून नळीचा, भांड्याचा आवाज आला, आणि मग तो चक्क गुणगुणायला लागला.

महिन्याभरात ती फॅक्टरीत परत गेली. काजूगरांची प्रतवारी करायची, अख्खे वेगळे, फाक वेगळी, कणी वेगळी. टेबलाभोवती आठ बायका आणि त्यांच्या तोंडाचे पट्टे. दर्शनाला पुन्हा माणसांत आल्यासारखं वाटलं.

त्या मंगळवारी साडेदहाला त्याच टेबलावर तिचा फोन वाजला. आंब्रेकाका होते. ते रुपेशच्या हाताखालचे नव्हेत, रुपेशच त्यांच्या हाताखाली शिकलेला. वीजखात्यातून निवृत्त झाल्यापासून रोज दहाला चहाला यायचे.

"दर्शना, ये बघू घरी."

"काय झालं काका?"

"रुप्या मला ओळखतो न ओळखल्यासारखं करतोय. आणि ती डबी लाल झाली आहे."

ती कशी आली, कुणाच्या गाडीवर बसली, तिला आठवत नाही. घरात शिरली तेव्हा रुपेश पलंगावर होता. चेहऱ्याचे चट्टे गेले होते, आता तो पांढराफटक पडला होता. ओठ राखाडी. श्वास उथळ, भराभर. तिने कपाळाला हात लावला. मेलं ते कपाळ अजूनही गारच!

पलंगाखाली भांडं होतं. झाकण काढलं तशी उग्र घाण नाकात शिरली. लघवी नव्हेच ती, गढूळ, पिवळट, तळाला साका धरलेली. असं काही एका दिवसात होत नाही. आधी पाच वेळा ती हे भांडं रोज बघायची. आता दार बंद असायचं. ज्या हाताने त्याला मोकळं केलं, त्याच हाताने त्याने हे तिच्यापासून चार दिवस लपवलं होतं.

आंब्रेकाकांनी डबीची नोंद काढली होती. "अकरा वेळा," ते म्हणाले. "चार दिवसांत अकरा वेळा अलार्म वाजला आणि अकरा वेळा याने गप्प केला, तू घरात नसताना."

दर्शनाला लगेच कळलं. लाइनमनच्या बायकोला ते सांगावं लागत नाही. फीडर ट्रिप झाला, म्हणजे लाइन आपोआप बंद पडली, की मिनिटभर थांबायचं आणि पुन्हा चार्ज करून बघायचं. याला ते 'ट्राय घेणं' म्हणतात. बहुतेक वेळा तारेला फांदी घासलेली असते, ती पडून जाते आणि लाइन टिकते. अर्ध्या आयुष्याची सवय ती. डबी वाजली, रुपेशने बंद केली, टिकली. पुन्हा वाजली, पुन्हा बंद केली.

"तीन ट्रायनंतर पायी चालून लाइन बघायची असते, रुप्या!" म्हातारा त्याच्यावर ओरडला. "हे मी शिकवलं ना तुला? अकरा?"

"टिकत होती की काका," रुपेश पुटपुटला. मग डोळे उघडून त्याने दर्शनाकडे बघितलं. "सांगितलं असतं तर बाईंनी आकडा वाढवला असता. मला माहीत होतं."

समोरच्या पडद्यावर पुण्याहून डॉ. लोणकर आल्या. डबी लाल होताच तिने त्यांना सगळे आकडे पाठवले होते.

"दर्शनाताई, नीट ऐका. जंतू मूत्रपिंडात आहे आणि तिथून रक्तात सांडायला लागलाय. रक्तदाब उतरतोय. ॲम्ब्युलन्स निघाली आहे, पण घाटात दरड आहे, फेऱ्याने यायला दोन तास लागतील. तुमच्या घरातलं इंजेक्शन आत्ता द्या. मात्र मी खोटी आशा दाखवत नाही, या जातीच्या जंतूला आता औषधं पूर्वीसारखी लागू पडत नाहीत. शिपाई उठले तरच हे आवरेल. तेही आत्ता. तासाभराने उठवून उपयोग नाही."

"पाचवर?" दर्शनाने विचारलं.

"पाचवर."

दर्शनाने दंडात इंजेक्शन टोचलं. मागे रुपेश बोलला, हळू, पण एकेक शब्द सुटा.

"नाही."

"अहो, काय नाही?"

"पाच नाही. मला विचारल्याशिवाय नाही, आणि विचारलंत तर नाही."

डॉक्टरबाईंनी त्याला वार विचारला, गाव विचारलं, बायकोचं नाव विचारलं. त्याने सगळं बरोबर सांगितलं. पाचवर न गेल्यास काय होईल, असं विचारलं. "मरेन," तो म्हणाला. गेल्यास? "हात जाईल." मग तीनदा संमती विचारली आणि तीनदा त्याने नाही म्हटलं.

"ते भानावर आहेत," बाई दर्शनाला म्हणाल्या. त्यांचाही चेहरा उतरला होता. "मला त्यांचा नकार मानावा लागेल. ते शुद्धीत आहेत तोवर शब्द त्यांचा."

"काय मानता तुम्ही! ते मरताहेत इथे!"

"दर्शना," रुपेश म्हणाला. "तू ते दीड वर्ष विसरलीस? तू मला भरवायचीस, धुवायचीस, आणि भिंतीकडे तोंड करून रडायचीस. मला ऐकू यायचं. पुन्हा ते नको. ओंडका होऊन पडायचं आणि त्या ओंडक्याला पहारा कशाला हवा?"

"मला हवा आहे ओंडका," ती किंचाळली. "मला चालेल!"

"मला नाही चालणार." तो धापा टाकत थांबला, आणि मग आंब्रेकाकांकडे वळला. "काका, परमिट माझ्या नावावर आहे. मी परत केल्याशिवाय लाइन कुणी चार्ज करायची नाही."

म्हाताऱ्याने तोंड फिरवलं. खांबावर चढण्याआधी लाइन बंद करून घ्यायची, त्याचं परमिट ज्याच्या नावावर, त्यानेच खाली उतरून ते परत करायचं. तोवर साहेब येवो की मंत्री, लाइनला हात लावायचा नाही. या एका नियमावर खात्यातली माणसं जिवंत राहतात. आंब्रेकाकांनी चाळीस वर्षं हा नियम देवासारखा पाळला होता आणि रुपेशलाही पाळायला लावला होता. आता ते कुठल्या तोंडाने मोड म्हणणार?

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, ती दर्शनाने त्या घटकेला डोळ्यांनी बघितली. तिने काकांचा दंड धरून त्यांना स्वयंपाकघरात ओढलं.

"काका, परमिट घेतलेला माणूस वरच बेशुद्ध पडला तर?"

काका म्हणाले, "तर त्याचा जोडीदार सही करतो. पण जागेवर जाऊन. हाक मारायची, हलवायचं, अंगाला हात लावून बघायचं. खात्री झाल्याशिवाय नाही गो. घाईत केलेल्या सहीने माणसं जळाली आहेत."

ती परत पलंगापाशी येऊन बसली. आणि मग सुरू झालं ते वाट बघणं. आयुष्यात कुणी असली वाट बघितली नसेल! नवरा बेशुद्ध पडायची ती वाट बघत होती. लवकर पड म्हणत होती. ग्रामदेवतेला नारळ बोलली ती कशासाठी, तर याचे डोळे मिटू देत यासाठी. मनात आलं आणि तिला स्वतःचीच शिसारी आली. पण भिंतीवरच्या घड्याळात पंधरा मिनिटं गेली होती, वीस गेली होती, आणि डबीवरचा रक्तदाब साठावर आला होता. आणखी थोड्या वेळाने तो पडला काय नि न पडला काय, दोन्ही सारखंच.

"दर्शना," तो एकदा म्हणाला.

"हं?"

"काही नाही."

त्याची नजर छतावर होती. आपण घाबरलो आहोत हे तिला ठाऊक होतं, पण त्या नजरेतही तसलंच काहीतरी तिला दिसलं. तिने त्याचा उजवा हात आपल्या हातात घेतला. अंगठा तिच्या तळहातावर दाबला गेला, चांगला जोर होता त्यात. मग तो जोर सुटला. मान डावीकडे कलली. डोळे मिटले.

"रुपेशराव!" पडद्यावरून डॉक्टरबाई ओरडल्या. "दर्शनाताई, हाक मारा."

तिने हाक मारली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा कानाशी ओरडून. तो हलला नाही.

"मानेच्या खाली, खांद्याचा स्नायू चिमटीत धरा आणि जोरात पिळा. तिथे त्यांना जाणीव आहे. शुद्ध असेल तर चेहरा हलेल."

तिने पिळला. चेहरा हलला नाही.

"आणखी जोरात."

तिने डोळे मिटून, दात खाऊन, नखं रुतेपर्यंत पिळला. माणसाला असं करवत नाही, पण तिने केलं. आंब्रेकाका वाकून त्याच्या तोंडाकडे बघत होते. "पापणी नाही लवली," ते म्हणाले.

"मी नोंद करते," बाई म्हणाल्या. "अकरा वाजून सव्वीस मिनिटं, रुग्ण प्रतिसाद देत नाही. जोडीदाराची संमती हवी."

डबीवर पाचचा आकडा लुकलुकत होता. त्याखाली तिच्या अंगठ्याची जागा. दर्शनाने त्याच्या हाताकडे बघितलं. किती मेहनतीने कमावलेली बोटं ती! रबराचा चेंडू दाबून, कपड्याचे चिमटे लावून काढून, रोज दोन तास. तिने अंगठा लावला.

काही आवाज झाला नाही, उजेड पडला नाही. डबीवर पाच स्थिर झाला, एवढंच.

ॲम्ब्युलन्स आली. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रुपेशला ताप आला. अडीच वर्षांनी पहिला! एकशे दोन. नर्स धावपळ करायला लागली आणि दर्शना त्या तापलेल्या कपाळावर गाल टेकून हमसाहमशी रडली. शिपाई उठले होते. तिसऱ्या दिवशी रक्तदाब वर आला. चौथ्या दिवशी त्याने पाणी मागितलं.

त्याच चौथ्या दिवशी चमचा त्याच्या हातातून निसटला. त्याने उचलायचा प्रयत्न केला नाही. पाचव्या दिवशी करंगळी आणि अनामिका वळली ती उघडली नाही. सहाव्या दिवशी अंगठा गेला, आणि आधी वाकायची ती कोपरंही. डॉक्टरबाईंनी पहारा दोनवर आणला तेव्हा राखण्यासारखं काही उरलंच नव्हतं. हात चादरीवर ठेवला तिथे पडून राहिला.

घरी आल्यावर दिवसाला पाच वेळा नळी, दोन वेळा अंग पुसणं, तीन वेळा भरवणं, सगळं मागल्या पानावरून पुढे. दर्शनाने फॅक्टरीत कळवलं की येत नाही. आणि रुपेश बोलेना. 'हो', 'नाही', 'पुरे'. तिच्याकडे बघेना. तिने काय ते ओळखलं. या माणसाने तीनदा नाही म्हटलं होतं, आणि आपण टपून बसलो, त्याची शुद्ध जायची वाट बघितली आणि त्याचा हात कापून घेतला. तिला आता जंतूंची भीती वाटत नव्हती, नवऱ्याची वाटत होती. तो एक दिवस तोंड उघडेल आणि 'का केलंस' असं विचारेल, या धसक्याने ती कामाशिवाय त्याच्यापाशी थांबत नव्हती.

त्या मंगळवारपासून बाराव्या दिवशी सकाळी ती त्याचा सदरा बदलत होती. खांद्यावर हिरवट-पिवळा डाग होता, रुपयाएवढा. तिने तो घाईघाईने झाकला.

"चिमटा काय जोरात काढलास गो," रुपेश म्हणाला.

दर्शनाचा हात बटणावरच राहिला. चिमट्याबद्दल ती त्याला बोलली नव्हती. आंब्रेकाकाही नाहीत, त्यांनी तिला तसं वचनच दिलं होतं.

"कुठला चिमटा?"

"दुसरा. पहिला तसा बरा होता."

दर्शना पलंगाच्या कडेवर बसली.

"तुम्ही जागे होतात?"

"होतो."

"मी हाका मारल्या त्या ऐकल्यात?"

"तिन्ही." तो खिडकीकडे बघत होता. "आधी खरंच वाटत होतं की मरेन पण हात देणार नाही. मग छातीत गार गार व्हायला लागलं. तू जवळ बसली होतीस आणि मला जाम भीती वाटली, दर्शना. खांबावर कधी वाटली नाही एवढी. जगायचं होतं मला. पण बाईंना 'हो' म्हणायला तोंड उघडेना. माझ्याच तोंडाने माझा हात नेऊ दे कसं म्हणू? म्हणून मान टाकली. तुझ्यावर ढकललं."

तिने हातातली सदऱ्याची बाही खाली ठेवली.

"बारा दिवस सांगेन सांगेन म्हणतोय. तू माझ्याकडे असं चोरासारखं बघतेस, ते बघवत नाही मला."

दर्शना उठली. परसात गेली. तिथे धुण्याच्या दगडापाशी उभी राहून ती मोठ्याने रडली. राग आला होता की सुटल्यासारखं वाटत होतं, तिचं तिलाच कळेना. बारा दिवस! बारा दिवस ती स्वतःला खुनी समजत होती, आणि हा बाबा सगळं ऐकून डोळे मिटून पडला होता! शेजारची कुंपणावरून डोकावली. "काय गो, काय झालं?" असं तिने विचारलं, तर दर्शना म्हणाली, "काही नाही, नवरा बरा झाला." शेजारीण चक्रावून आत गेली.

तोंड धुऊन ती परत आली तेव्हा रुपेश तसाच होता, अर्धा सदरा घातलेला, उघड्या खांद्याने. त्याला स्वतःला तो ओढूनही घेता येत नव्हता. थंडी वाजत असणार.

ती त्याच्यासमोर उभी राहिली. लग्नाला सात वर्षं झाली होती, आणि आजवर तिने त्याला 'अहो'शिवाय हाक मारली नव्हती.

"भित्रा आहेस तू," ती म्हणाली.

"आहे."

"आणि लबाड आहेस. मेल्या, माझा जीव गेला असता!"

"हो."

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्याच्याकडे हात नव्हता. दर्शनाने थोडा वेळ ते तसंच वाहू दिलं. मग पदराने पुसलं, आणि सदऱ्याची दुसरी बाही त्याच्या हातात घालायला घेतली.